मध्यंतरापर्यंतची झोप

मध्यंतरात चहाच्या रांगेत दिग्दर्शक मफलर नाकापर्यंत ओढून चोरासारखा उभा होता. सिनेमा त्याचाच, आणि पुढ्यातलं म्हातारं जोडपं त्यावरूनच भांडत होतं.

"घोरत होतात तुम्ही! चारचौघांत लाज आणलीत."

"काहीतरीच! सगळा पाहिला मी. जिन्यावरून मासे उतरतात..."

"ते होतं."

"न्हावी ढगाची दाढी करतो..."

"तेही होतं."

"मग पियानोचं झाकण उघडून सासूबाई बाहेर येतात."

"माझी आई? या सिनेमात?"

"हो तर! हिरवा स्वेटर घालून. एकाच बाहीचा. मला म्हणाल्या, जावईबापू, किती वाळलात!"

"एकाच बाहीचा?"

"एकाच."

"दुसरी विणायला घेतली आणि आई गेली हो."

"अगं, मग तोच असणार."

"माझ्याबद्दल काही विचारलं तिनं?"

"विचारणारच होत्या. तेवढ्यात तू कोपर मारलंस."

रांग पुढे सरकली. त्यांचा नंबर आला.

"दोन चहा द्या हो."

"एकही नको. चला आत."

"अगं, घसा कोरडा पडलाय माझा!"

"पाणी प्या. चहानं झोप उडेल तुमची."