फणसाला टोन नसतो म्हणे!
माझं डोकं का फिरलंय ते आधी ऐका, चहा नंतर प्या. काल आपला संदीप माझ्या मोशीच्या गिटार बनवायच्या शेडमध्ये आला. चाकणला कंपनीत शिफ्ट करतो, रविवारी ऑर्केस्ट्रात वाजवतो. म्हणे, "मला पण एक बेस गिटार बनवून दे."

मी त्याच्यापुढे फणसाची फळी ठेवली. गावाहून आणलेली, चांगली वाळलेली. म्हटलं, "मृदंगसुद्धा याचा करतात. आवाज गोल येतो, भरीव येतो."

"फणस खायचा असतो राव! त्याला कुठला टोन? मला महोगनी पाहिजे. हा ऐक."

मित्राकडून मागून आणलेला बेस त्याने अ‍ॅम्पला लावला. "फॉरेनचा आहे, महोगनीचा. याला म्हणतात टोन!"

दोन सूर ऐकले आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बेस हिसकावून उलटा केला. मानेच्या टोकाला मागून कुठल्यातरी परदेशी नावाचं रेडियमचं स्टिकर चिकटवलेलं, गाड्यांवर लावतात तसलं. नखाने खरवडून काढलं. खाली माझं नाव, माझ्या हाताने कोरलेलं.

"हा मी बनवलाय! याच फणसाच्या झाडाच्या फळीतून! मरमर मरायचं मी आणि नाव लावायचं दुसऱ्याचं? कुठल्या गाढवाने चिकटवलं हे?"

माझ्या नावावरून संदीपने बोट फिरवलं, बेस पुन्हा एकदा वाजवून बघितला. मग म्हणतो, "आवाज खरंच भारी आहे राव. मला अस्साच करून दे. फक्त महोगनीत."