‘नको’चं बटण

नाही, मला एवढंच सांगा, ‘नको’ असं एक बटण ठेवायला ह्या लोकांच्या बापाचं काय जात होतं? रोज सकाळी संगणक सुरू केला की पडद्याच्या बरोबर मध्यभागी निळी चौकट. ‘आपली प्रणाली जुनी झाली आहे. तिची देखभाल आम्ही थांबवत आहोत. आणखी एक वर्ष संरक्षण हवं असल्यास पैसे भरा.’ खाली दोन बटणं. एक, ‘आत्ता भरा’. दुसरं, ‘नंतर आठवण करून द्या’. संपलं. तिसरं नाहीच... तुम्हाला सांगतो, एकेचाळीस दिवस मी ‘नंतर आठवण करून द्या’ दाबतोय, आणि इतक्या इमानानं आठवण करून देणारं माणूस मला उभ्या जन्मात भेटलं नाही. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची सोय नाही, कारण कुत्रंही त्यांचंच.

आता तुम्ही म्हणाल, असं काय आहे त्या डबड्यात? शेवाळ आहे. हसा, आमची हीसुद्धा हसते. ओल्या भिंतीवर, जिन्याच्या कोपऱ्यात हिरवं मखमलीसारखं उगवतं ना, ज्याच्यावरून घसरून पडेपर्यंत कोणी त्याच्याकडे बघत नाही, त्यात माझी डॉक्टरेट. एकोणीस वर्षं मी एकेका शेवाळाची नोंद करतोय, कुठं सापडलं, पान कसं, देठ कसा. सहा हजारांवर झाल्या, दोनशे बारा राहिल्यात. रोज एक धरली तरी वर्षाच्या आत काम हातावेगळं होतं. मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, एक वर्ष मलाही पुरे, मी काही जास्त मागत नाही. पण ह्या नोंदी उघडतात एकाच प्रोग्रॅममध्ये, आणि तो प्रोग्रॅम चालतो ह्याच जुन्या प्रणालीवर. आणि तो लिहिला कोणी? जावयानं.

म्हणजे तेव्हा तो जावई नव्हता, उमेदवार होता. मुलगी म्हणाली, “बाबा, हा संगणकातला आहे.” मी म्हटलं, आत राहतो का? त्यानं महिनाभर खपून माझ्या शेवाळासाठी प्रोग्रॅम लिहून दिला. लाच होती, कळत होतं मला. घेतली. प्रोग्रॅम चालू झाला त्या संध्याकाळी मुलगी विचारते, “बाबा, होकार आत्ता देता, की आठवड्यानं?” बघा म्हणजे. तेव्हाही ‘नको’चं बटण नव्हतं.

असो. तर पैसे भरायचे की नाही? दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो झाकण उघडून आत फुंकर मारून म्हणतो, “काका, जुनं झालंय. चालतंय तोवर चालवायचं, पण आता भरवसा नाही.” मी म्हटलं, तू संगणकाबद्दलच बोलतोयस ना? हिला विचारलं. ती म्हणाली, “अहो, भरा नाहीतर भरू नका, पण जेवताना तो विषय आता बंद करा.” रात्रंदिवस माझं एकच, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. न भरावेत, तर उद्या कोणी चोर आत शिरून माझं शेवाळ नेलं म्हणजे? तसं शेवाळ कोण चोरणार म्हणा. पण तेही वाईटच वाटतं ना, की आपलं कोणी चोरणारसुद्धा नाही...

आणि मग जावईबापूंचा फोन. “बाबा, पैसे अजिबात भरू नका. भरलेत की ते नव्या दुरुस्त्या पाठवणार, आणि त्यात आपला प्रोग्रॅम मरणार. मी रविवारी येतो, सगळं नव्या मशीनवर हलवू.” आपला? एकोणीस वर्षं भिंती मी खरवडल्या, आणि आपला? ह्या माणसाची रीत सांगतो तुम्हाला. घरात आला की चपला काढतो न काढतो तोच माझ्या खुर्चीत, माझ्या मशीनसमोर. त्यात आपली ती पेनड्राइव्हची कांडी खुपसून दहा मिनिटं बसणार. काय करताय विचारलं की, “काही नाही बाबा, जरा काम होतं.” माझ्या मशीनवर ह्याचं काय काम? जावई दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही.

तर खरं सांगतो, त्यानं ‘भरू नका’ म्हणेपर्यंत माझं काहीच ठरत नव्हतं. त्या एका फोनवर ठरलं. भरले.

पण आंधळेपणानं नाही हं. तेवीस पानांच्या अटी होत्या, मी छापून घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचल्या, हातात लाल पेन्सिल. पस्तीस वर्षं प्रबंध तपासलेत, हात ऐकत नाही. पान सहा आणि पान एकोणीस परस्परविरोधी निघाली, तसं त्यांना कळवलंसुद्धा. उत्तर नाही. अटी वाचणारा प्राणी जिवंत आहे हेच त्यांच्या गावी नसणार.

दुपारी दुरुस्त्या यायला लागल्या. ‘कृपया संगणक बंद करू नका.’ तीन तास मी शेजारी बसून, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसतात तसा. मग पडदा उजळला. निळी चौकट गेली. आणि शेवाळही गेलं. ‘आपल्या सुरक्षिततेसाठी एक जुना प्रोग्रॅम काढून टाकण्यात आला आहे. संबंधित माहिती उघडता येणार नाही.’

तसाच मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. एक गोड आवाजाची बाई, “अभिनंदन सर, आपला संगणक आता पूर्ण सुरक्षित आहे.” अहो, पण माझं शेवाळ? “सर, त्यासाठी प्रोग्रॅमच्या निर्मात्याशी संपर्क साधावा. आणखी काही सेवा?” मी अटी काढल्या. पान अकरा. ‘जुने प्रोग्रॅम काढून टाकण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते.’ खाली माझी लाल रेघ, आणि समासात माझ्याच अक्षरात, ‘वाक्यरचना बोजड.’

वाक्यरचना तपासली हो मी, अर्थ तपासायचा राहिला.

मग काय. निर्मात्याशी संपर्क साधला. रविवारची वाट न बघता आला, चपला काढल्या, माझ्या खुर्चीत बसला. सोबत आणलेल्या नव्या मशीनमध्ये ती कांडी खुपसली. सहा हजार नोंदी जशाच्या तशा. दर भेटीत दहा मिनिटं बसून तो माझ्या शेवाळाची प्रत काढत होता, आणि मी आतल्या खोलीत त्याच्या नावानं बोटं मोडत होतो. बोलला नाहीत कधी, म्हटलं. तर म्हणतो, “तुम्ही नको म्हणाला असता.”

ही दारात उभी राहून ऐकत होती. बरं, ‘मी सांगितलं होतं’ असंही तो म्हणाला नाही, म्हणजे भांडायचीही सोय ठेवली नाही.

मग घसा खाकरून म्हणाला, “नोंदी सुरक्षित आहेत, पण त्या दाखवणारा प्रोग्रॅम नव्यानं लिहावा लागेल. शेवाळातलं मला काही कळत नाही, तुम्हाला शेजारी बसून सांगावं लागेल. दर रविवारी. वर्षभर तरी.” आणि माझ्याकडे बघून विचारतो, “बाबा, आजच सुरुवात करू, की रविवारी आठवण करून देऊ?”

मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं. तिसरं बटण कुठंच नव्हतं.

आतून दुसरी खुर्ची घेऊन आलो.