दुखवट्यात हलगी

मला नीट आठवतं का, याची मलाच खात्री नाही. तो राष्ट्रीय दुखवटा कुणाचा होता, तेही आता सांगता येत नाही. पण जळकोटचे माझे शेजारी शिवाप्पा यांची आई त्याच दिवसांत वारली, हे नक्की. त्यांच्यात म्हाताऱ्या माणसाला सजवलेल्या डोलीत बसवून, हलगी वाजवत मातीला नेतात. हलगीवाले दारात आले आणि मागोमाग पोलीस पाटील.

“आप्पा, वाजवू नका. देशाला दुखवटा हाय.”

“पाटील, माज्या दारात काय वरात हाय का?”

“वाजप म्हंजे वाजप. उद्या जाब मला द्यावा लागंल.”

“माय म्हनली व्हती, मला गुपचूप नेऊ नको.”

“मग दुखवटा संपू द्या.”

शिवाप्पांनी डोलीकडं बघितलं. “तवर मायला हितंच बसवून ठेवू व्हय?”

डोली उचलली. हलगीवाले हलग्या काखेत धरून मागून चालले. रस्ताभर फक्त चपलांचा आवाज होता.

पुढं शिवाप्पाही वारले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी एका निवृत्त तहसीलदारांना विचारलं. ते म्हणाले, बंदी फक्त सरकारी करमणुकीच्या कार्यक्रमांना असते. घरच्या मयताला ती कधीच नव्हती.