लाल पेन्सिलीचा शेरा

समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख डॉ. सुमंगला परब, सहकारी मित्रहो, आणि ज्यांनी तेव्हा रक्त दिलं, आज वेळही दिला, त्या पेडणे-डिचोलीच्या सर्व कुटुंबीयांनो, नमस्कार.

मी श्रीनाथ. बावीस वर्षं बाईंचा साहाय्यक. मला पाच मिनिटं दिली आहेत. बाई घड्याळाकडे बघतायत, म्हणजे चारच समजायची.

बाईंनी आयुष्यभर केलं काय? आपल्या पेशींत गुणसूत्रं असतात. त्यातल्या सहाव्यावर, रोगांशी झुंजणारी कितीतरी जनुकं एकमेकांना खेटून बसलेली असतात. कुठलं कुठे, याचा नकाशा करायचा. ती बहुधा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. मुलाला एक गठ्ठा आईचा, एक बापाचा. म्हणून आम्हाला आई, बाप, मुलं अशा सगळ्या घराचं रक्त लागायचं.

बारा वर्षांपूर्वी पेडण्याला रक्ताचे नमुने घेण्याचं शिबिर झालं, त्यानंतर एका घराचा तक्ता जुळेना. मुलीचा एक गठ्ठा आईचा, दुसरा बापाचा नव्हेच! मी तीनदा तपासलं. मग शहाणपणा केला. तक्त्यावर लाल पेन्सिलीने लिहिलं, ‘वडील वेगळे’. वर त्या वडिलांना, दादूंना, कळवायला फोन उचलला. केवढी ही हुशारी, नाही का?

बाईंनी फोनवर हात ठेवला. म्हणाल्या, ‘‘श्रीनाथ, आधी आपली चूक शोधूया.’’ मला रागच आला. चूक माझी? पण बाई दुसऱ्या दिवशी म्हापशाला बस बदलून पेडण्याला गेल्या, मलाही ओढत नेलं. दादूंच्या पत्नी पार्वतीबाईंनी चहा दिला. बाईंनी एवढंच विचारलं, ‘‘शिबिराच्या दिवशी घरात कोण कोण होतं?’’

पार्वतीबाई हसत सुटल्या. ‘‘आमचां सेजल सुयेक भियालां, काजीत पळान गेलां. तुमी इतक्या लांबसून आयलात, मोकळ्या हातान कशां धाडूचां? म्हणान भैनीच्या ऋतिकाक बसयलां. रगत घरचांच मां!’’

सेजल सुईला भिऊन काजूच्या बागेत पळालेली, आणि तिच्या जागी बसलेली बहिणीची मुलगी! मावशीशी जुळली, मावशीच्या नवऱ्याशी कशी जुळणार? मी कपातच बघत राहिलो. केंद्रात आल्यावर बाईंनी खोडरबर माझ्यापुढे ठेवलं.

पार्वतीबाई आज इथे, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. शेजारी दादू, आणि सेजल. ती आता दुसऱ्यांना सुया टोचते, परिचारिका आहे. बारा वर्षं मी गप्प होतो. आज सकाळी दोघांपुढे सगळं कबूल केलं. पार्वतीबाई म्हणाल्या, ‘‘सभेत सांग. म्हणजे दुसऱ्या बायलेविषयी कोण असो विचार करूचो नाय.’’

म्हणून सांगितलं. बाई, तुमचा नकाशा जगभर वाचला जाईल. मला तुमचा तो फोनवरचा हात आठवेल. आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं.

आणि पार्वतीबाई, तुमची माफी वेगळी मागतो. त्या दिवशी दादूंच्या नंबरातले दोनच आकडे फिरवायचे राहिले होते.