एका अर्जाची दोन उत्तरं

(पाणीपुरवठ्याच्या कचेरीतलं काकूंचं टेबल. समोर, बाहेरून बोलावलेला प्रोग्रामर.)

काकू : मला विचारायचं नाही का? वीस पावलांवर बसते मी. बावीस वर्षं या खुर्चीत पत्रं टाइप करतेय, आणि रोज चार वाजता काय छापायचं ते ठरवलंत तुम्ही दोघांनी, साहेबांच्या केबिनमध्ये चहा पीत.

प्रोग्रामर : काकू, मला जेवढं सांगितलं तेवढंच केलं मी. 'जावक' फोल्डरमधली प्रत्येक फाइल प्रोग्रामने आपली आपण उघडायची, खाली साहेबांची सही लावायची आणि छापायची.

काकू : प्रत्येक फाइल. वा रे विद्वाना.

प्रोग्रामर : आता मला काय स्वप्न पडणार, की तुम्ही एका अर्जाला दोन उत्तरं लिहिता?

काकू : लिहिते. पहिल्या दिवसापासून लिहिते. आधी माझ्या मनातलं, मग साहेबांना हवं ते. पोटातलं एकदा बाहेर पडलं की 'आपला अर्ज विचाराधीन आहे' असं लिहायला हात तयार होतो. पहिलं पत्र मी घरी जाताना पुसून टाकते. काल तुझा प्रोग्राम पहिल्यांदा चालला आणि चारलाच छापून मोकळा झाला.

प्रोग्रामर : पण पाकिटात घालताना शिपायाला दिसलं नाही?

काकू : तो कशाला वाचतोय? सही दिसली, शिक्का मारला, गावातलंच म्हणून जाता जाता हातात नेऊन दिलं. दोन्ही एकाच पाकिटात.

प्रोग्रामर : कोणाला?

काकू : तिसऱ्या गल्लीतल्या आजोबांना. तीन वर्षं त्यांच्या नळाला पाणी नाही. बायको अंथरुणाला खिळलेली, आणि हा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बादल्या घेऊन दोन जिने चढतो. दर महिन्याला अर्ज करतात. दर महिन्याला मी लिहिते, विचाराधीन.

प्रोग्रामर : आणि काल मनातलं काय लिहिलंत?

काकू : लिहिलं की आजोबा, तुमचे छत्तीस अर्ज आले, साहेबांनी एकही वाचला नाही. तुमच्या गल्लीची पाइपलाइन दोन वर्षांपूर्वीच मंजूर झाली, आणि ती साहेबांच्या मेव्हण्याच्या बंगल्याकडे वळवली.

प्रोग्रामर : आणि त्याखाली साहेबांची सही.

काकू : चांगली ठसठशीत. दात काढू नकोस. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत माझ्या.

प्रोग्रामर : चुकलं. मी आत जाऊन सांगतो ना, दोष प्रोग्रामचा आहे म्हणून.

काकू : त्यांना दोष कोणाचा ते नकोच आहे. पत्र गल्लीभर फिरून त्यांच्या कानावर गेलंय. हा कागद वाच. पाचच्या आत सही करून मागितलाय, नाहीतर उद्यापासून घरी.

प्रोग्रामर : 'सदर पत्रातील मजकूर मी मनाने रचलेला असून तो संपूर्णपणे खोटा आहे.' काकू, करून टाका सही. नोकरी तरी राहील. कागदच तर आहे.

काकू : कागदच तर आहे, असंच म्हणत आले मी इतकी वर्षं.

प्रोग्रामर : मग आता काय झालं?

काकू : आजोबा आले होते सकाळी. मला वाटलं, भांडायला आले. खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, 'बाई, साहेबांना नमस्कार सांगा. मला वाटायचं माझ्याच अर्जात काहीतरी चुकतंय. दर वेळी शेजारच्या मास्तरांच्या पाया पडून नवा लिहून घेत होतो.' मला मान वर करवेना रे. छत्तीस वेळा त्या माणसाला मीच फसवलंय, साहेबांनी नाही.

प्रोग्रामर : पाचला दहा कमी आहेत, काकू.

काकू : दिसतंय मला घड्याळ. ते पत्र पुन्हा छापता येईल?

प्रोग्रामर : येईल, प्रत ठेवतो प्रोग्राम. पण कशाला?

काकू : छाप. साहेबांची सही तेवढी काढ.

प्रोग्रामर : मग खाली कोणाची घालू?

काकू : माझी. लिहिलंय मी.