बायसन्स हरणार, चारात

चूक नाही ती. नीटच वाचलंत तुम्ही. फळ्यावर माझं नाव आहे, ओरेस्ट हाव्रिलुक, आणि त्याच्यापुढे जे लिहिलंय ते मीच लिहिलंय, खडू माझ्याच हातात होता – बायसन्स हरणार, चारात. कँटीनच्या वर्नानं बोट करून दाखवलं असेल. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवते ती. – द्या ते स्केट्स इकडे. मुलीचे? – बघा, पात्याची धार पार गेलीय. हे घालून गाड्यांच्या आवारातून चालत आली असेल. सगळीच पोरं येतात, सांगून ऐकत नाहीत. बसा बाकावर. धारेचा दगड नवा आहे, हळू धरावं लागतं. वेळ लागेल.

तुम्ही किनाऱ्याकडचे. – टोपीवरून कळलं. बायसन्सशी गाठ असताना पायलट्सची टोपी घालून या आठवड्यात या गावात फिरायचं म्हणजे धाडस आहे. पण पोरांची स्पर्धा आहे, तुम्ही पाहुणे, कोणी काही बोलणार नाही. मनात बोलतील. आणि तुम्हाला वाटलं असेल, चला, या बर्फघरात निदान एक म्हातारा आपल्या बाजूचा आहे, दोन शब्द बोलून येऊ. – तसं नाही. तुमचा संघ मला आवडत नाही. कधीच आवडला नाही. तुमचे लोक पडतात फार. काठी लागली नाही तरी पडतात.

फळ्याचं म्हणाल तर तो माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे. बर्फ वितळायला लागला, रस्त्यावर चिखल झाला की हॉकीचे प्लेऑफ येतात, बाद फेरीचे सामने, आणि पहिल्या फेरीच्या आठ जोड्या ठरल्या की वर्ना फळा पुसते. मग गावातला प्रत्येक मोठा माणूस येऊन लिहितो – कोण जिंकणार, किती सामन्यांत. जो आधी चार जिंकेल तो पुढे, म्हणजे लवकर आटपलं तर चार, लांबलं तर सात. बक्षीस वगैरे काही नाही. ज्याचं चुकतं त्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, एवढंच. मी काही मोठा जाणकार नाही. गेल्या वर्षी आठांतले तीन बरोबर आले. वर्नाच्या मांजरानं निवडले असते तर चार आले असते, असं तीच म्हणते.

पण एक जोडी आम्ही विचार करून लिहीत नाही. बायसन्स ज्या जोडीत असतील तिथे बायसन्स. डोळे मिटून. कारण बायसन्सकडून टारस खेळतो. – हो, तोच. सतरा नंबर. दारावरचा मोठा फोटो बघितलात ना? या गावातून तिथवर पोचलेला तो एकटाच. आणि तो माझा नातू.

– आता कळलं ना वर्ना का हसते ते.

हसतात ते बरे. वॉल्टर पोडोल्स्की इतकी वर्षं सकाळी माझ्या टेबलावर कॉफी पितो, तो परवा उठून खिडकीशी जाऊन बसला. म्हणाला, तिथे ऊन चांगलं येतं. खिडकी उत्तरेला आहे. वर्ना बुधवारी पिरोगीवर – आमच्या उकडलेल्या करंज्या त्या – तळलेला कांदा घालते, माझ्या ताटलीत नव्हता. विचारलं, तर म्हणाली, चारात संपला. – हरणार म्हटलं असतं तरी चाललं असतं एक वेळ. पाचात, सहात, झुंजून हरले असं. पण चारात म्हणजे एकही सामना जिंकणार नाहीत. आजोबानं नातवाच्या तोंडात मारल्यासारखंच ते. मला कळतं. मी शाळा सहावीत सोडली, पण एवढं कळतं.

कारण? कारणं आहेत की. बायसन्सचा गोलरक्षक कच्चा आहे. – हो, मार्चमध्ये सलग तीन सामने त्यानं एकही आत जाऊ दिला नाही, खरंय. मार्च वेगळा, प्लेऑफ वेगळे. मग मागची फळी – म्हातारी झालीय. – बावीस वर्षांचे? दोघंही? असतील. पाय म्हातारे असतील. आणि प्रवास. किनाऱ्यापर्यंत विमानानं जायचं, यायचं, पुन्हा जायचं. – तुमच्या लोकांनाही तेवढाच प्रवास, बरोबर. तुम्ही खेळ बघता म्हणजे. नुसती टोपी नाही.

– दुसरा स्केट द्या.

दमलोय हो. चार दिवस हीच कारणं सांगतोय, दुकानात, चर्चच्या पायरीवर, पेट्रोल भरताना. माझी मलाच पटत नाहीत. बायसन्स चांगले आहेत या वर्षी. तुम्हाला जड जातील. सहा सामने, सात सामने ओढतील, कोणीही सांगेल. म्हणून तर लिहिलं चार.

– नाही कळलं? नसू दे.

तुम्ही एक सांगा, मार्चमध्ये टारस दोन सामने बाहेर होता. का होता? – बरोबर. वरचं अंग. संघानं तेवढंच सांगितलं, शरीराच्या वरच्या भागाला दुखापत. प्लेऑफ जवळ आले की सगळे संघ तेवढंच सांगतात. कमरेच्या वर काही झालं तर वरचं अंग, खाली झालं तर खालचं. बोट असो, बरगडी असो, जबडा असो – वरचं अंग. पुढे विचारायचं नाही. अख्खा देश विचारत नाही. माझ्या बायकोचं, नेटीचं, खुब्याचं हाड मोडलं तेव्हा पाद्री भेटायला आले, म्हणाले, काय झालं बाई? ती झोपल्या झोपल्या म्हणाली, खालचं अंग, फादर, रोज बघून ठरवतील. – हसा. तीही हसली होती. नंतर फार हसली नाही.

तर वरचं अंग. आमच्या गावालाही तेवढंच ठाऊक आहे. आणि दोन सामन्यांनंतर तो परत खेळायला लागला म्हणजे बरा झाला, असं सगळ्यांनी धरलं. पडद्यावर दिसतो तर धावताना. – मीही तसंच धरलं होतं. मग रविवारी त्याचा फोन आला. गिदो, म्हणाला – आमच्यात आजोबाला गिदो म्हणतात – गिदो, एकटे आहात का? म्हटलं, नेटी गेल्यापासून दुसरं कोण असणार. तर म्हणाला, बाबांना सांगू नका.

बाबा म्हणजे माझा मुलगा मायरन. शेतीची यंत्रं विकतो. मनानं चांगला आहे, पण तोंड म्हणजे दोन्ही दारं उघडी असलेलं कोठार. त्याला काही सांगितलं की दुपारपर्यंत गावात. वाईट हेतूनं नाही, अभिमानानं. बघा, म्हणेल, माझ्या पोराचा खांदा निखळतोय तरी खेळतोय.

– हां. खांदा.

बोललो ना. आता बोललोच आहे. – निखळतो. धक्का बसला की जागेवरून बाहेर येतो, बाकाच्या मागे नेऊन डॉक्टर बसवतो, की हा पुन्हा बर्फावर. सामन्याआधी दुखणं मारायची सुई. मध्यंतरात आणखी एक. शस्त्रक्रिया लागणारच आहे, ती प्लेऑफनंतर. डॉक्टरनं त्याला सांगितलंय, जितक्या वेळा निघेल तितका आतला भाग फाटत जाईल, आणि मग शिवायला काही उरलं नाही तर काठी धरता येणार नाही. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. चोविसावं चालू आहे त्याला. हे सगळं तो मला हवापाण्यासारखं सांगत होता. मध्येच म्हणाला, गिदो, शर्ट घालायला पाच मिनिटं लागतात. आणि हसला.

मी काय म्हणणार? – खेळू नकोस म्हणू? तुमच्याकडे म्हणत असतील. इथे असं कोणी कोणाला म्हणत नाही. वॉल्टरच्या भावानं मोडक्या घोट्यावर सामन्याची शेवटची पाळी, वीस मिनिटं, खेळली होती, त्याची गोष्ट अजून लग्नांत सांगतात. घोटा पुढे कसा राहिला ते सांगत नाहीत. आणि टारसनं मला विचारलंही नाही, खेळू की नको. विचारलं असतं तर – नाही विचारलं. शेवटी एवढंच म्हणाला, गिदो, फळ्यावर काय लिहिणार? म्हटलं, नेहमीचंच. बायसन्स. दुसरं काय.

फोन ठेवला, कोट घातला आणि इथे आलो. सात जोड्या लिहिल्या. आठवीपाशी हात थांबला. एकेक सामना म्हणजे साठ मिनिटं, तीस-चाळीस वेळा तो बर्फाभोवतीच्या कठड्यावर आपटणार. जिंकले तर पुढची फेरी, मग त्याच्या पुढची, जूनपर्यंत. हरायचंच तर लवकर हरू दे, असं आलं मनात. कमीत कमी सामने. देवाकडे मागायला लाज वाटते, त्याला हॉकीत ओढू नये. म्हणून लिहिलं. लिहिल्यानं काही होत नाही, ते मला कळतं.

मायरननं दुसऱ्या दिवशी वाचलं. वाचलं, आणि लगेच फोन करून पोराला कळवलं – तुझ्या आजोबानं असं असं लिहिलंय. तेव्हापासून टारसचा फोन नाही. आधी दर दोन दिवसांनी यायचा. – त्याला कळलं असेल का, मी का लिहिलं? माहीत नाही.

कुठला खांदा ते विचारू नका. ते मी सांगणार नाही, मायरनला नाही, पाद्र्याला नाही. कारण तुमच्याकडे तो ओस्टरमन आहे. तो काय, दारातून वाकून जात असेल. वाईट माणूस नाही, नियमात खेळतो. पण त्याला कळलं की कुठली बाजू, तर पहिल्या पाळीत त्याच बाजूनं कठड्यात घालील. त्यात पाप नाही, पंचही शिट्टी वाजवणार नाही. खेळच तो. त्याच्या जागी टारस असता तर त्यानंही तेच केलं असतं.

– झालं, हे बघा. नखावर घासून बघा, पापुद्रा निघाला पाहिजे. निघाला? मग ठीक.

मला आपला तो शेवट दिसतो. सामने संपतात, मग दोन्ही संघ एकमेकांसमोर रांगेत येतात, प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेतो. इतके दिवस हाडं मोडली एकमेकांची, आणि मग हात. मला त्या खेळात ते सगळ्यात आवडतं. हरलेल्यालाही मान वर ठेवून जाता येतं. चौथा सामना झाला, हरले, आणि टारस त्या रांगेत उभा, ओस्टरमनशी हात मिळवतोय, असं डोळ्यासमोर आणतो मी. तेवढं नीट करील तो. हात मिळवायचा उजवा, आणि उजवा धडच आहे त्याचा, तेव्हा –

–

काय म्हणालो मी?

– नाही. तुम्ही ऐकलंत. बघा ना, तुम्ही खाली बघताय.

चार दिवस पोटच्या पोराला सांगितलं नाही. त्याच्या तोंडाला नावं ठेवली तुमच्यासमोर, आता, याच खुर्चीवरून. – नाही, शपथ नको. शपथेची गरज नाही. तुम्ही चांगले दिसता. पण तुमच्या खिशात फोन आहे, आणि घरी जाल तेव्हा मेव्हणा असेल, शेजारी असेल, कोणीतरी म्हणेल सतरा नंबर फार नडतोय आपल्याला, आणि तुमच्या तोंडून निघून जाईल. माझ्या निघालं तसं. मला कोणी विचारलंही नव्हतं. – मी विनवणी करत नाही. कधी केली नाही कुणाची. फक्त सांगतो, माझी बायको त्याला या बर्फावर हाताला धरून उभं करायची, त्याला सरळ चालताही येत नव्हतं तेव्हा. बस. आणखी काही सांगायचं नाही.

– गप्प. तो बघा दारात. मायरन. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

ये मायरन. – गिऱ्हाईक आहे. मुलीचे स्केट्स. – हो, टोपी दिसते मला, आंधळा नाही मी. किनाऱ्याकडचे आहेत. – नाही, मी काही शिकवलं नाही त्यांना. फळ्याबद्दल विचारत होते, म्हटलं वर्नाला विचारा. – नाही पुसणार. तुला काय वाटायचं ते वाटू दे, लिहिलंय ते लिहिलंय. – मायरन, पाहुणे आहेत ते, हात काय दाबतोस एवढा. सोड. – कोण जिंकणार हे कशाला विचारतोस त्यांना? ते पायलट्सचे, ते काय सांगणार. सांगू नका हो तुम्ही, गरज नाही –

– काय म्हणालात?

बायसन्स. सहात.

– हो, ऐकलं मायरन. ऐकलं. परका माणूस म्हणतो, आणि घरचा म्हातारा म्हणत नाही. बरोबर. जा, वर्नाला सांग जा. सगळ्यांना सांग. – गेला. पोरासारखा धावत गेला बघा. पार लाल झाला आनंदानं.

त्याला बरं वाटावं म्हणून बोललात. कळलं मला. गप्प राहाल हेही कळलं, बहुतेक. आभारी आहे. – पण सहा कशाला म्हणालात हो. पाच म्हणायचं.

पैसे राहू द्या. पोर मोजे घालून थांबली असेल. निघा.