कोरडे कसे म्हनली?

(धाराशिव. डोळ्यांच्या दवाखान्याची पायरी. सासू पायरीवर बसलेली. सून हातात चिठ्ठी घेऊन उभी.)

सरुबाई : म्या येत न्हाय औषधं घ्यायला. त्या पोरीला डॉक्टर कुनी केलं गं? डोळ्याचं पानी खळंना, पदर भिजून चिंब, अन् म्हनती, आजी, तुमचे डोळे कोरडे पडलेत!

श्रावस्ती : आत्या, आधी बाजूला सरका, लोकांना वाट द्या. तिनं दोनदा समजावलं. डोळा ओल धरत नाही म्हणून चुरचुरतंय, अन् चुरचुरलं की पाणी सुटतंय. ते नुसतं वाहून जातं. कडक माळावर पाऊस मुरतो का?

सरुबाई : मला शेती शिकवू नको.

श्रावस्ती : मग काय करू? तीन महिने कानीकपाळी ओरडतीय, दवाखान्यात चला. तुम्ही पदरावर फुंकर मारून डोळे शेकत बसलात. अन् सगळं बेंबळी गाव म्हणतंय, सून सासूला रडवती! परवा शेजारची शांतम्मा तोंडावर म्हणाली, म्हातारीला सुखानं जगू दे.

सरुबाई : तिला म्या सांगितलंय की. सून सोन्यावानी हाय म्हनून.

श्रावस्ती : डोळे पुसत पुसत सांगितलं असंल!

सरुबाई : पानी थांबंना त्याला म्या काय करू?

श्रावस्ती : हे थेंब घाला. चला.

सरुबाई : थेंब हायत माझ्याजवळ. ह्ये बघ. तुझ्या सासऱ्याच्या मोतीबिंदूच्या टायमाचं. लाली झटक्यात जाती.

श्रावस्ती : आत्या! मामांना जाऊन दोन वर्षं झाली!

सरुबाई : ती बाटली कवाच सरली. रिकामी दावली की मेडिकलवाला तसलीच देतो.

श्रावस्ती : अन् डॉक्टरनं विचारलं, घरी काही घालता का, तर मान हलवून नाही म्हणालात!

सरुबाई : तिनं कोरडे म्हनलं अन् माझं टाळकंच फिरलं.

श्रावस्ती : कोरडे म्हणजे काय शिवी आहे का?

सरुबाई : मला हाय. त्यांना न्यायच्या येळंला माझ्या डोळ्यात टिपूस न्हवतं. भाग्यश्री समद्यांदेखत म्हनली, आईचे डोळे बघा, कोरडे ठाक. पोटची लेक माझी. चाळीस वर्सं संसार केला गं म्या. आत समदं थिजलं हुतं, रडूच फुटंना. लई लागलं मला ते.

श्रावस्ती : मला कधी बोलला नाहीत.

सरुबाई : तू तितंच उबी हुतीस की.

श्रावस्ती : होते. गप बसले, चुकलं माझं. पण ते बोलणं वेगळं अन् हा आजार वेगळा. उठा. ही बाटली आत दाखवायची.

सरुबाई : ती रागं भरंल.

श्रावस्ती : भरू दे. उठा म्हणते ना!

(आत, तपासणीची खोली. श्रावस्ती बाटली डॉक्टरच्या हातात देऊन सगळं सांगते.)

डॉक्टर : परत आलात? आणि हे काय... आजी, हे दोन वर्षं घालताय? यात स्टिरॉइड आहे. ऑपरेशननंतर थोडे दिवस, तेही आमच्या देखरेखीखाली देतो. मनानं घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर जाते, कळतसुद्धा नाही. आज दाब तपासल्याशिवाय सोडणार नाही. डोळा ठणकतो का? उजेड खुपतो?

सरुबाई : न्हाय.

डॉक्टर : धूसर दिसतं?

सरुबाई : न्हाय.

श्रावस्ती : आत्या.

सरुबाई : दिसतंय. डाव्यानं. दिवाळीपासनं.

श्रावस्ती : दिवाळीपासनं! अहो, एका घरात राहतो आपण! रोज ताटाला ताट लावून जेवतो, अन् तुम्ही मला...

डॉक्टर : ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?

सरुबाई : नगं बाई, तिला भाईर घालवू नगा. बोलंल ती, बोलू द्या. पर माज्याजवळ ऱ्हाऊ द्या.